टीसीएम बदलण्याआधी अर्थिंग तपासा

जुलैतला रविवार, ताम्हिणी घाट, धो धो पाऊस. एका चढाच्या वळणावर गाडी अचानक मोकळी झाली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलतंय, पण चाकांपर्यंत काही पोहोचत नाही. मीटरमध्ये गिअरच्या आकड्याच्या जागी ‘एन’ लुकलुकतोय आणि शेजारी पिवळा दिवा. मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, “क्लच प्लेट गेली असणार.” या गाडीला क्लचचं पेडल नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

दोन दिवसांनी गॅरेजवाल्याचा फोन आला. “साहेब, टीसीएम गेला. बेचाळीस हजार, लेबर वेगळं.” टीसीएम म्हणजे गिअरबॉक्सवर हुकूम चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. मी जवळजवळ हो म्हणून बसलो होतो. प्रत्यक्षात टीसीएम ठणठणीत होता, बिघाड एका बोल्टाखाली होता. पुढच्या पावसाळ्यात मात्र तो डबा खरोखरच गेला आणि नवा बसवताना मी आणखी दोन दिवस वाया घालवले. या दोन पावसाळ्यांचा हिशेब इथे मांडतोय. डबा बदलणं हे चार बोल्ट आणि एका कपलरचं (वायरींच्या जोडणीचं), अर्ध्या तासाचं काम आहे. पैसा आणि डोकं जातं ते त्याच्या आधी आणि नंतर.

१. हा डबा काय करतो आणि असतो कुठे

टीसीएम म्हणजे ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल. काही कंपन्या त्याला टीसीयू म्हणतात. गाडीचा वेग, गिअरबॉक्सच्या आत-बाहेर फिरणाऱ्या शाफ्टचा वेग, ब्रेकचा स्विच, गिअर लिव्हरची जागा आणि ईसीएमकडून, म्हणजे इंजिनच्या तशाच डब्याकडून, मिळणारी अ‍ॅक्सिलरेटरची माहिती घेऊन गिअर कधी आणि कुठला टाकायचा हे तो ठरवतो.

माझी गाडी एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशनची आहे. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर हा प्रकार आला. गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला आपल्या हातापायांऐवजी अ‍ॅक्च्युएटर. हायड्रॉलिक एएमटीत ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की बोनेटखालून ‘घुर्रर्र’ असा आवाज येतो. तो प्रेशर भरणारा पंप. त्या आवाजाकडे कान ठेवा. तो यायचा थांबला किंवा दर मिनिटाला यायला लागला, तर टीसीएमच्या आधी पंप, त्याचा रिले आणि ऑइल बघायचं.

एएमटीत हा डबा बहुधा बोनेटखाली बॅटरीच्या आसपास किंवा डॅशबोर्डच्या आत असतो. ड्युअल क्लच आणि टॉर्क कन्व्हर्टर या दुसऱ्या प्रकारांच्या काही ऑटोमॅटिक गाड्यांत मात्र तो गिअरबॉक्सच्या पोटातच, व्हॉल्व्ह बॉडीला जोडलेला असतो. तुमची गाडी तशी असेल तर पायरी ६ फक्त वाचा, हात लावू नका. तिथे ऑइल काढावं लागतं आणि ते कामच वेगळं आहे.

२. रस्त्यात बंद पडली तर

हॅझर्ड लावा, हँडब्रेक ओढा, माणसं रस्त्याच्या कडेला उभी करा. इग्निशन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि एकदाच परत चालू करून बघा. पुष्कळदा गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे एखाद्याच गिअरमध्ये, हळूहळू का होईना चालते. तसं झालं तर जवळच्या सुरक्षित जागेपर्यंतच जा, घरी न्यायच्या भानगडीत पडू नका.

तीन गोष्टी करू नका. स्टार्टर परत परत मारून बॅटरी उतरवू नका. ढकलून चालू करायचा प्रयत्न करू नका, क्लच सोडायला पेडलच नाही. आणि दोर बांधून ओढू नका, कारण गाडी गिअरमध्ये अडकली असेल तर चालकचाकं जमिनीवर ठेवून ओढल्यावर गिअरबॉक्सचंच नुकसान होतं. टोइंगवाल्याला फोनवरच सांगा, “फ्लॅटबेड पाठवा.” हुकवाली क्रेन आली तर परत पाठवा, वाद घाला, पण गाडी लटकवू देऊ नका.

मीटरचा, लागलेल्या दिव्यांचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा व्हिडिओ काढून ठेवा. गॅरेजमध्ये गेल्यावर गाडी शहाण्यासारखी चालते आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आपल्याकडे संशयानं बघतो. तेव्हा हा व्हिडिओ कामी येतो.

३. आधी कोड वाचा, मग बॅटरीला हात लावा

हा क्रम उलटा करू नका. बॅटरी काढली की काही गाड्यांत साठवलेले बिघाडाचे कोड पुसले जातात आणि मग मिस्त्री अंदाजपंचे दाहोदरसे सुरू करतो.

स्टिअरिंगखाली डॅशबोर्डला १६ पिनांचा ओबीडी सॉकेट असतो. त्यात स्कॅनर लावायचा. बाजारात मिळणारं स्वस्त ब्लूटूथ यंत्र बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतं, टीसीएमच्या आत डोकावत नाही. माझी पहिली फसगत इथेच झाली. त्यावर पी०७०० दिसला आणि मला वाटलं, गिअरबॉक्सचा मेंदू गेला. पी०७०० चा अर्थ एवढाच की टीसीएमकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे, त्याला विचारा. म्हणजे दारावरची नुसती बेल. नुसत्या पी०७०० वर कोणी टीसीएम बदलायला सांगत असेल तर गाडी तिथून काढा.

गिअरबॉक्सचे कोड वाचणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये पूर्ण स्कॅन करून घ्या आणि रिपोर्टचा फोटो मागा. साधारण असं वाचायचं:

- पी०७१५, पी०७२० हे वेगाच्या सेन्सरचे किंवा त्यांच्या वायरिंगचे. डब्यावर आळ घेऊ नका.
- पी०७५० आणि त्याच्या आसपासचे कोड सोलेनॉइडच्या, म्हणजे गिअर बदलायला लागणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हच्या, बाजूचे.
- पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. हा सोबत असेल तर आधी बॅटरी, अल्टरनेटर आणि अर्थ (बॉडीला जोडलेली मायनसची वायर), बाकी सगळं नंतर.
- यू०१०१ म्हणजे गाडीतल्या बाकीच्या मॉड्यूलना (कंट्रोल डब्यांना) टीसीएमचा आवाजच ऐकू येत नाही. डबा मेला असेल किंवा त्याला करंट मिळत नसेल किंवा मधली वायर तुटली असेल.
- पी०६०१, पी०६०४, पी०६०६, पी०६१३ हे मेमरी आणि प्रोसेसरचे. करंट आणि अर्थ व्यवस्थित असूनही हे पुसल्यावर परत येत असतील तर मात्र डब्यावर संशय घ्यायला जागा आहे.

कोड पुसून पुन्हा चालवा आणि परत आलेलेच खरे माना. त्याच बैठकीत विचारा, “या टीसीएमला सॉफ्टवेअर अपडेट आलंय का?” आणि कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून रिकॉल आहे का तेही बघा. काही तक्रारी नुसत्या अपडेटनं मिटतात.

४. करंट, अर्थ आणि संवाद

घाईच्या वेळी हीच पायरी गाळली जाते, म्हणून इथे जरा थांबतो.

माझ्या मावसभावानं एक वायरमन गाठून दिला. साठीचे गृहस्थ, गळ्यात मल्टिमीटर. मी टीसीएमची गोष्ट रंगवून सांगत होतो, ते मान डोलवत ऐकत होते. मग म्हणाले, “शेठ, आधी अर्थ बघू. डबा काय पळून चाललाय का?”

बॅटरीपासून सुरुवात. रात्रभर उभ्या गाडीवर भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर मारताना आकडा साधारण ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. एएमटीचा पंप आणि अ‍ॅक्च्युएटर भरपूर करंट ओढतात. बॅटरी म्हातारी झाली की इंजिन कसंबसं सुरू होतं, पण टीसीएम मध्येच डुलकी घेतो. चार वर्षांची बॅटरी घेऊन ‘टीसीएम गेला’ म्हणत येणाऱ्या गाड्या आपण मोजत नाही, असं वायरमनकाका म्हणाले.

मग फ्यूज. तो नुसता बघू नका, दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा. केसासारखी चीर डोळ्यांना दिसत नाही.

आता अर्थ. बहुतेक जण मल्टिमीटर ओहमवर किंवा बजरवर ठेवतात, ‘टीं’ वाजलं की खूश. इथेच घात होतो. अर्थच्या वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर शून्य ओहम दाखवतं, कारण मीटर नगण्य करंट सोडतं. खरा भार आला की तीच तार हात टेकते. म्हणून मोजायचं ते व्होल्टेज, आणि तेही भार असताना. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं टीसीएमच्या अर्थ पिनवर, कपलर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूनं. इग्निशन चालू करून कोणालातरी गिअर लिव्हर हलवायला सांगा, मग एकदा स्टार्टर मारायला सांगा. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. माझ्या गाडीत पंप सुरू होताच आकडा दीडवर उडाला.

काकांनी बॅटरीच्या ट्रेखालचा बोल्ट सोडला. अर्थची पट्टी बॉडीला जिथे टेकते तिथे हिरवट-पांढरा थर, शेवाळावर मीठ भुरभुरल्यासारखा. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत घासला, नवं टर्मिनल दाबलं, वरून व्हॅसलीन. चहासकट चाळीस मिनिटं. “द्या काय द्यायचं ते,” म्हणाले. गाडी पुढे जवळपास वर्षभर मुकाट चालली.

शेवटी संवाद. मॉड्यूल एकमेकांशी कॅन नावाच्या दोन वायरींवरून बोलतात. बॅटरी काढलेली असताना ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. साधारण ६० आला तर दोन्ही टोकं शाबूत. १२० आला तर कुठेतरी एक टोक सुटलंय, शून्याजवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. काही गाड्यांत सॉकेट आणि या वायरींच्या मध्ये गेटवे नावाचा आणखी एक डबा असतो, तिथे हा हिशेब सॉकेटवर लागू पडत नाही.

आणि उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी आठवडाभर उभी असेल तर हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) टॉर्च मारून बघाच. शेंगदाण्याची टरफलं दिसली की समजा, पाहुणे येऊन गेलेत.

५. पार्ट आणि कागदपत्रं

हे सगळं झाल्यावरही दोष डब्यातच निघाला, तर पुढे. माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात यू०१०१ होता, बॅटरी नवी, अर्थ स्वच्छ, कॅन ६० ओहम, पिनपर्यंत करंट येत होता. कपलर सोडला तर दोन थेंब पाणी टपकलं आणि डब्याच्या दोन पिना हिरव्या. इथे मात्र वाद नव्हता.

जवळ ठेवा:

- आरसी. १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर लागतोच.
- जुन्या डब्यावरच्या लेबलचा स्पष्ट फोटो. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर वेगवेगळे असतात, दोन्ही दिसू द्या.
- स्कॅन रिपोर्ट, आधीची बिलं आणि वॉरंटी किंवा एक्स्टेंडेड वॉरंटीचे कागद.
- गाडीच्या दोन्ही चाव्या. प्रोग्रॅमिंगच्या वेळी इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) कधीकधी दोन्ही मागतो.
- पुरात किंवा साचलेल्या पाण्यात गेली असेल तर विम्याची पॉलिसी. नेहमीच्या पॉलिसीत नुसता इलेक्ट्रिकल बिघाड धरत नाहीत, पण पुराचं नुकसान वेगळं. गाडी खोलायच्या आधी सर्व्हेअरला बोलवा, खोलल्यावर तो ऐकत नाही.

नवा घ्यावा की जुना? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत मोडीत निघालेल्या गाड्यांचे डबे निम्म्याहून कमी पैशांत मिळतात. मोह होतो, मलाही झाला. पण जुन्या डब्यात आधीच्या गाडीचा चासी नंबर आणि तिच्या क्लचची शिकलेली मापं असतात. काही कंपन्यांच्या डब्यावर चासी नंबर एकदाच लिहिता येतो. म्हणून अट घाला: माझ्या गाडीत बसवून, कोड करून, चालवून दाखव, मग पैसे. ही अट ऐकून विकणारा गप्प बसला तर उत्तर मिळालं. नुसती पिन गंजली असेल किंवा सोल्डर सुटलं असेल तर चांगला ईसीएम रिपेअरवाला डबा दुरुस्तही करतो. त्यात आतला डेटा तुमचाच राहतो, हा मोठा फायदा. माझ्या डब्यात पाणी पार सर्किट बोर्डवर पसरलं होतं, त्यामुळे नवाच घ्यावा लागला.

बिल पक्कंच घ्या. गाड्यांच्या पार्टवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे. कोणी अजून २८ लावत असेल तर बोट ठेवून विचारा. इलेक्ट्रिकल पार्ट बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत, त्यामुळे नंबर जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. शेवटचं अक्षर वेगळं असेल तर ‘चालतंय’ म्हणणाऱ्याकडून ते बिलावर लिहून घ्या.

६. काढणं आणि बसवणं

हत्यारं मोजकीच: १० नंबरचा पाना, सॉकेट सेट, टॉर्च, कॉन्टॅक्ट क्लीनर.

इग्निशन बंद, चावी लांब. बॅटरीचा मायनस आधी काढा, लावताना शेवटी लावा. डबा डॅशबोर्डमध्ये असेल तर एअरबॅगमुळे काही मिनिटं थांबून मगच हात घाला. कपलरला एक लिव्हर असते. आधी लॉक दाबायचं, मग लिव्हर फिरवायची, कपलर आपोआप उचलला जातो. वायरी धरून ओढाल तर पिना वाकतील. नवा डबा पिशवीतून काढण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक उतरवा, आणि पिनांना बोट लावू नका. कपलरच्या आतली रबरी सील फाटली असेल तर डबा नवा असूनही पाणी पुन्हा आत जाणार.

७. कोडिंग आणि शिकवणी

इथे माझे दोन दिवस गेले. गॅरेजवाल्यानं डबा लावला, कपलर खट्कन बसला, चावी फिरवली आणि काहीच नाही. स्टार्टरसुद्धा नाही. तो म्हणाला, “पीस डिफेक्टिव्ह आला साहेब.” पीस चांगला होता, फक्त कोरा होता. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ही खात्री टीसीएमनं दिल्याशिवाय स्टार्टरला परवानगी मिळत नाही. कोऱ्या डब्याला गाडी कुठली, क्लच कुठे पकडतो, न्यूट्रल कुठे, काहीच माहीत नसतं.

म्हणून डबा विकत घेण्याआधीच प्रोग्रॅमिंग कोण करणार ते ठरवा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा त्या कंपनीचं सॉफ्टवेअर असलेल्या स्पेशालिस्टकडे. “बाहेरून आणलेला पार्ट कोड करून द्याल का?” हे फोनवर विचारा, काही वर्कशॉप नाही म्हणतात.

कामाचा क्रम असा. आधी चासी नंबर आणि गाडीचं व्हेरिअंट लिहायचं, गरज असेल तर सॉफ्टवेअर भरायचं. या वेळी बॅटरीला स्थिर सप्लाय जोडलेलाच हवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर नव्या डब्याची वीट होते, म्हणजे तो निकामी होतो. एसी, दिवे, म्युझिक सगळं बंद, दरवाजे उघडझाप नको. मग ईसीएमशी ओळख. मग एएमटीत क्लचची आणि गिअरची शिकवणी: गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, स्कॅनरवरून आज्ञा. अ‍ॅक्च्युएटर एकेक गिअर चाचपून बघतो, खट् खट् आवाज येतात, घाबरू नका. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत याऐवजी जुनी अ‍ॅडॅप्टेशनची (शिकलेली) मूल्यं शून्यावर आणतात.

शिकवणी ‘फेल’ आली तर लगेच डब्याला दोष देऊ नका. क्लच पार झिजलेला असेल, अ‍ॅक्च्युएटरचं ऑइल कमी असेल किंवा बॅटरी उतरली असेल तरी ती अडते. क्लच ऐंशी हजार किलोमीटरचा असेल तर त्याचं माप आधी स्कॅनरवर बघून घ्या. दोन महिन्यांनी क्लच बदलला की ही शिकवणी परत करावी लागते, दोनदा पैसे कशाला?

बॅटरी काढल्यामुळे काचांचं ऑटो-अप आणि घड्याळ विसरलेलं असतं. ते बिघाड नव्हेत, मॅन्युअलमध्ये बघून परत शिकवा.

८. गाडी ताब्यात घेताना

पार्किंगमध्ये एक चक्कर मारून चावी घेऊ नका. सकाळी थंड इंजिनवर सुरू करून बघा. गर्दीत रांगवा, चढावर थांबून पुढे न्या, चढावरच रिव्हर्स घ्या, मॅन्युअल मोडमध्ये सगळे गिअर वर-खाली करा. मी चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट करत पुन्हा ताम्हिणीच्या दिशेनं गेलो, मिस्त्रीला शेजारी बसवून. पहिले शंभरेक किलोमीटर गिअर बदलताना थोडे हिसके बसले, मग डबा आणि क्लचचं जमलं. हिसके वाढत गेले किंवा दिवा परत लागला तर लगेच पुन्हा स्कॅन.

परतल्यावर शेवटचा स्कॅन रिपोर्ट, नव्या डब्याचा नंबर असलेलं बिल आणि वॉरंटी किती महिन्यांची ते लेखी घ्या. जुना डबा मागून घ्या, तो तुमचा आहे. पैसे घेऊनही काम झालं नाही आणि दाद देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. कागद जवळ असले की बोलणं लवकर आटपतं.

आणि पाणी कुठून आलं ते शोधल्याशिवाय बोनेट बंद करू देऊ नका. माझ्याकडे वायपरखालच्या काऊलची जाळी पिंपळाच्या पानांनी तुंबली होती. पाणी काठावरून उतरून हार्नेसवर पडायचं आणि वायरीच्या कडेकडेनं थेट कपलरमध्ये जायचं. मिस्त्रीनं पानं काढली, हार्नेसला कपलरच्या आधी खाली झोळ दिला, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडेल. आता मेच्या शेवटच्या रविवारी मी ती जाळी स्वतः साफ करतो. बाबा शेजारी उभे राहून क्लच प्लेटबद्दल विचारतात.